वास कोणाला येतो

आईने मागचं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि तसाच मागे घेतला. पदर नाकाला लावून म्हणाली, "अहो, गाडीत पेट्रोलचा वास येतोय." बाबा पुढच्या सीटवर बसून पट्टा ओढत होते. त्यांनी मान वळवली, दोनदा जोरात हवा नाकात ओढली आणि विचारलं, "कसला वास?" मे महिन्यातला रविवार, दांडिया बाजारात लग्न, मुहूर्त साडेदहाचा. बडोद्यातल्या मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत सकाळी नऊलाच गाडीचं हँडल हाताला चटका देत होतं. माझा मुलगा आजीच्या मागे नाक चिमटीत धरून उभा होता. मला तर दार उघडताक्षणी वास आला होता, आणि आत डोकं घातल्यावर तो थेट कपाळात चढला. चौघांपैकी तिघांना आला. ज्यांना आला नाही ते बाबा होते.

काचा उघड्या टाकून आम्ही निघालो. लालबागच्या पुलावर वारा आत घुसला आणि वास गेला. लग्न छान झालं, पंगतीत मठ्ठा थंडगार होता, बासुंदी मनासारखी होती, जुनी माणसं भेटली. पण माझ्या मनातून ते "कसला वास?" काही गेलं नाही. कारण आमच्या घरात वासाच्या बाबतीत शेवटचा शब्द नेहमी बाबांचा असायचा. ते निवृत्त होईपर्यंत कोयलीच्या रिफायनरीत होते, तेही टँक फार्मवर, म्हणजे जिथे तयार माल साठवतात तिथे. पेट्रोल, नॅफ्था, केरोसीन, डिझेल हे त्यांनी आयुष्यभर मोजलं, तपासलं, राखलं.

सोव्हिएत मदतीने उभारलेली ही रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. बाबा तिथे लागले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि आम्ही भावंडं जवाहरनगरच्या टाउनशिपमध्ये वाढलो. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली की क्षितिजावर फ्लेअर, म्हणजे रिफायनरीतला जादा वायू जाळायची ज्योत, पेटलेला दिसायचा, ढग खाली असले की त्यांच्या पोटाला नारिंगी रंग चढायचा. वारा फिरला की वास यायचा. रावपुऱ्यातून पाहुणे आले की म्हणायचे, "कसे राहता रे इथे?" आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. बाबा जेवताना घास थांबवून, खिडकीकडे न बघता सांगायचे, "गंधकाचा आहे, जाईल आत्ता," किंवा "डांबर भरतायत." आणि क्वचित कधी काहीच न बोलता ताटावरून उठायचे, हात धुवायचे आणि फोन फिरवायचे. त्यांच्या खाकी कपड्यांना, डब्याच्या पिशवीच्या पट्ट्याला, चपलांच्या अंगठ्याला एक हलका गोडसर वास कायम असायचा. आई ते कपडे वेगळे भिजवायची. अंगात फक्त सुती कपडे, नायलॉनचा रुमालसुद्धा नाही. गेटवर काडेपेटी काढून घ्यायचे. टाकीजवळ काम असेल तर पितळी हत्यारं, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी पडते. ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की घरात गॅसचा सिलिंडर बदलतानाही ते आधी देवघरातली निरांजन विझवायचे, आणि आई दर वेळी कुरकुरायची.

त्यांचं नाक कधी गेलं ते नेमकं सांगता येणार नाही. आईला आधी कळलं. तिने हिंगाची फोडणी दिली की ते आतल्या खोलीतून "आज आमटी का?" म्हणायचे, ते बंद झालं. मग एकदा दूध उतू जाऊन करपलं, धूर होईपर्यंत ते शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. डॉक्टर म्हणाले वय आहे, मागे झालेल्या संसर्गाचाही भाग असेल, यावर गोळी नाही. बाबांनी मान डोलावली आणि विषय संपवला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मात्र ते भरभरून बोलले होते: रंग कसे धुतल्यासारखे दिसतात, समोरच्या कडुनिंबाची पानं मोजता येतात. जे परत आलं त्याबद्दल ते बोलायचे. जे गेलं त्याबद्दल नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि ते गाडी घेऊन जवळच्या गॅरेजात गेलो. गाडी २०१४ सालची, चांगली ठेवलेली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, टॉर्च फिरवला, खाली वाकून पाहिलं, कुठे थेंब नाही. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड नाही. "काका, पेट्रोलनी गाडीमां पेट्रोलनी वास तो आवे ज ने!" असं म्हणून त्याने फडक्याला हात पुसले. मी काही बोलणार तेवढ्यात बाबा शांतपणे म्हणाले, "आधी येत नव्हता." आणि आम्ही परत आलो. वाटेत ते फक्त एवढंच म्हणाले, की पेट्रोलचा वास येणं म्हणजे पेट्रोल बाहेर येणं, त्यात दुसरा काही अर्थ असूच शकत नाही.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे वॉचमनला गाडीजवळ बिडी ओढू नकोस म्हणून सांगणं. दुसरं, गाडीतला छताचा दिवा बंद करून ठेवणं, म्हणजे दार उघडल्यावर तो लागायला नको. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुचवलं की उन्हापेक्षा तळघरातल्या पार्किंगमध्ये लावा, सावली आहे. बाबांनी साफ नकार दिला. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीला धरून पसरते आणि खोलगट जागा सापडली की तिथे बसून राहते. हवेत तिचं प्रमाण जेमतेम दीड टक्क्याच्या घरात गेलं की ठिणगी पुरते. उघड्यावर वारा तिला पांगवतो. तळघरात कोण पांगवणार?

मग त्यांनी एक शंभरपानी वही काढली.

वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, पेट्रोलचा काटा कुठे, गाडी किती वेळ उभी, ऊन की सावली, काचा बंद की उघड्या, वास शून्य ते तीन. आणि शेवटचा रकाना, ज्याचं शीर्षक वाचून मी क्षणभर थांबले: "कोणाचं नाक". नियम त्यांनीच ठरवले. ज्याची पाळी त्याने आधी दोन मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत उभं राहायचं, मग दार उघडून पहिले दोन श्वास घ्यायचे आणि लगेच बाजूला व्हायचं. तिसरा श्वास धरायचा नाही, कारण नाक फार लवकर सरावतं आणि मग आहे तोच वास कमी झाल्यासारखा वाटतो. आकडा चिठ्ठीवर लिहायचा, दुसऱ्याला सांगायचा नाही. आई, मी आणि मुलगा, तिघांच्या चिठ्ठ्या ते गोळा करायचे आणि चष्मा लावून वहीत उतरवायचे. वास आला नाही तरी नोंद करायचीच, यावर त्यांचा फार कटाक्ष होता. "शून्य ही पण नोंद आहे," असं त्यांनी नातवाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या दिवसांत जेवणानंतर ते बरंच बोलायचे. इतकी वर्षं ड्युटीबद्दल आम्ही कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. पहाटे टाकीवर चढून डिप घ्यायचा, म्हणजे टेपने आतल्या मालाची पातळी मोजायची, तेव्हा वारा आपल्या पाठीवर येईल असं उभं राहायचं. टेपच्या टोकाला एक लेप लावतात, तळाशी पाणी असेल तर त्याचा रंग बदलतो. पेट्रोलच्या मोठ्या टाक्यांना छप्पर असतं ते भिंतींवर टेकलेलं नसतं, मालावरच तरंगतं. पातळी चढली की छप्पर चढतं, उतरली की उतरतं. मधे रिकामी जागाच ठेवायची नाही, म्हणजे वाफ साठायला वाव नाही. कारण बंद टाकी श्वास घेते. दिवसा तापली की आतली वाफ फुगून बाहेर पडते, रात्री निवली की बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या तरंगत्या छपराच्या कडेला सील असतं, आणि वायू मोजायचं मीटर हातात धरून त्या कडेने चालत गळती शोधणं हे त्यांच्या कामातलं एक काम. मीटर, नाक नव्हे. हायड्रोजन सल्फाइडचं उदाहरण ते द्यायचे: थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की वासाची नसच बधिर होते आणि माणसाला वाटतं गेला गॅस. "वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं समजणारा माणूस प्लांटमध्ये टिकत नाही," ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत, पण आईने त्यांच्या वाटीत आणखी एक पळी आमटी वाढली.

गाडीची टाकीही तशीच श्वास घेते. फक्त तिचा श्वास उघड्यावर सोडत नाहीत. टाकीतली वाफ एका नळीतून सक्रिय कोळशाच्या डब्यात जाते, त्याला मिस्त्री लोक कॅनिस्टर म्हणतात. त्या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. वाफ तिथे धरून ठेवली जाते, आणि गाडी चालू झाली की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. आईला ही व्यवस्था फार आवडली, वाया काही जात नाही म्हणून. पण त्यासाठी गाडी चालली पाहिजे. पूर्वी बाबा रोज गाडी काढायचे, खंडेराव मार्केटला भाजीला, कमाटी बागेत फिरायला. आता ते चालवत नाहीत, मी स्कूटरने शाळेत जाते, आणि गाडी रविवारची वाट बघत उन्हात उभी. कोळसा भरत जातो, तो रिकामा करायला इंजिन नाही. वहीच्या पहिल्या पानांवर हे लिहिताना बाबांचा हात जरा जास्त वेळ थांबला, असं मला वाटलं.

वाफेचा हा सगळा विचार माणसाने सुरू केला तोही वासावरूनच. लॉस एंजेलिसवर धुरकं का साचतं याचा छडा लावणारे आरी हागेन-स्मिट हे मुळात स्वादाचे रसायनशास्त्रज्ञ. अननसाला अननसाचा वास कशाने येतो, हे ते कॅलिफोर्नियात शोधत होते. अननसाची वाफ थंड करून तपासायची तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली, आणि १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की पेट्रोलची न जळलेली वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरतात ते अशा धुरक्याने. पुढे १९७० पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांना टाकीची वाफ अडवणं सक्तीचं झालं. बडोद्यासारख्या शहरात, जिथे आठ महिने ऊन कोरडं पडतं, तिथे या गोष्टीची चर्चा घराघरांत व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

वही भरत गेली तसा आकार दिसू लागला. काटा अर्ध्यावर असला की शून्य, फार तर एक. टाकी फुल केल्यानंतरच्या सकाळी तीन. नुकतीच चालवून आणली की शून्य, कारण इंजिन वाफ ओढून घेत असतं आणि वाराही लागलेला असतो. दिवसभर तापून रात्रभर उभी राहिली की दोन-तीन. मागच्या सीटवर जास्त, त्यातही डावीकडे, आणि पेट्रोलचं झाकण त्याच बाजूला. आई आणि मुलाच्या चिठ्ठ्या जवळजवळ नेहमी जुळायच्या, माझा आकडा एकाने कमी. बाबांनी तोही हिशोब धरला होता.

पंपावरची एक गोष्टही त्यातून समजली. नोझल आपोआप बंद झालं की पोरगा विचारतो, "साहेब, राउंड फिगर करी दउं?" आणि आपण मान हलवतो. टाकीच्या वरच्या भागात थोडी जागा मुद्दाम सोडलेली असते, पेट्रोल फुगलं तर मावावं म्हणून. खटका पडल्यावर आणखी दाबून भरलं की ती जागा जाते, द्रव पेट्रोल वाफेच्या नळीत चढतं, कोळशापर्यंत पोचलं तर कोळसा भिजतो आणि निकामी होतो. आता आमच्याकडे पहिला खटका म्हणजे बस. सुट्टे पैसे राहिले तर राहिले.

सोसायटीत ज्याला त्याला सांगितलं, त्याचं एकच निदान: "ई-ट्वेंटी! त्या इथेनॉलने रबर खाल्लं." जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या या पेट्रोलमुळे लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही म्हटलेलं आहे, म्हणजे शंका काही अगदीच हवेतली नव्हती. पण बाबा ऐकेनात. इतक्या वर्षांचं रबर, बडोद्याचा उन्हाळा, चाकाच्या बाजूची धूळ आणि खडी. नुसत्या वयानेही ते तडकतं. कारण सोयीचं वाटलं की आधी पुरावा मागावा, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. त्यांनी दोष ठरवायच्या आधी संशयित कमी करायला घेतले. शेजाऱ्यांची गाडी त्याच मॉडेलची, तिचं झाकण दोन दिवस आमच्या गाडीला लावलं. आकडा हलला नाही, म्हणजे झाकणाचं रबर निर्दोष. मागची सीट उचलून टाकीतल्या पंपावरचं झाकण उघडलं, तिथे कोरडं, धुळीवर डागसुद्धा नाही. उरल्या त्या नळ्या.

दुसरा मिस्त्री प्रतापनगरकडचा. माझ्या सहकारी बाईंनी सुचवलेला. पस्तिशीचा मुलगा, बोलणं कमी. बाबांनी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने उभ्या उभ्या दोन पानं वाचली, मग हात पुसून खाली बसला आणि उरलेली वाचली. "काका, आ कोणे लख्युं?" हे कोणी लिहिलं, असं विचारून त्याने बाबांसाठी स्टूल मागवलं.

त्याच्याकडे धुराचं यंत्र होतं. एक छोटी पेटी, तिच्यात खनिज तेल तापून दाट पांढरा धूर होतो, आणि तो धूर वाफेच्या नळ्यांमध्ये सोडायचा. ढकलायला साधी हवा नको, नायट्रोजन. टाकीत पेट्रोलची वाफ असताना आत ऑक्सिजन कशाला घाला? टायरवाल्यांकडे असतो तसा सिलिंडर त्याने बाजूला ठेवला होता. बाबांनी तो पाहून मान हलवली. ती पसंती मी ओळखते. दाब अगदी जेमतेम, एक पीएसआयच्याही आत. टायरमध्ये तीसच्या वर असतो, तेवढा इथे दिला तर नळ्याच फाटतील. कॅनिस्टरचं हवा घेण्याचं तोंड बुचाने बंद केलं, पंखे बंद केले, शटर अर्धं ओढलं. आत काजळी, ग्रीस आणि उकाडा. काट्यावरचा दाब चढला, थांबला, आणि अगदी हळूहळू उतरू लागला. "छे," तो म्हणाला. आहे.

पण दिसेना. इंजिनाकडे काही नाही. पंपावर नाही. झाकणाच्या कडेला नाही. त्याने डावं मागचं चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं अस्तर सोडवलं. तिथून पेट्रोल भरायचा जाड पाइप खाली जातो आणि त्याच्या अंगाला लागून एक बारीक नळी वर येते, भरताना आतली हवा बाहेर पडावी म्हणून. मी टॉर्च धरला होता. मला गाळ दिसत होता, क्लॅम्प दिसत होता, बाकी काही नाही. मिस्त्री वाकून बघत होता. बाबा स्टुलावरून पुढे झुकले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि म्हणाले, "टॉर्च आडवा धर. समोरून नको." मी आडवा धरला.

"ते बघ. क्लॅम्पच्या वर, वळणावर."

भाताच्या झाकणाच्या कडेतून निसटावी तशी धुराची एक रेघ. केसाएवढी. दोन-तीन इंच सरळ वर जाऊन मोडत होती. मिस्त्रीने बोटाने नळी किंचित वाकवली आणि वळणावरची चीर उघडली, धूर भसकन बाहेर आला. सोडली की पुन्हा मिटली. म्हणून तर थेंब पडत नव्हता, डाग नव्हता. टाकी भरलेली असताना आणि तापलेली असतानाच तिथे दाब येणार. आणि ती वाफ आत कशी येत होती, तेही त्याने दाखवलं: बंपरच्या मागे गाडीतली हवा बाहेर जायला रबरी झडपा असतात, आमच्या जुन्या झाल्यामुळे नीट मिटत नव्हत्या. वाफ तिथून आत. मी बाबांकडे पाहिलं. ते त्या रेघेकडे पाहत होते. जो वास त्यांना इतके दिवस आमच्या चिठ्ठ्यांवरून मानून घ्यावा लागला होता, तो त्यांना दिसत होता. त्यांनी मिस्त्रीला दाब बंद करून पुन्हा सोडायला सांगितलं. त्याने काही न विचारता सोडला. रेघ पुन्हा आली. मग एकदा आणखी.

मिस्त्री म्हणाला, मीटरवर मिळते ती नळी कापून लावू का, आज गाडी घेऊन जाल. बाबांना ते मान्य नव्हतं. पेट्रोलसाठीचीच हवी, आणि याच वळणाची साच्यातली हवी. सरळ नळी वाकवून बसवली तर ती त्याच जागी पुन्हा तडकणार. भाग यायला वेळ लागला. तोपर्यंत गाडी तिथेच, टाकी पाव भरलेली. नळीची किंमत एका चांगल्या साडीच्या फॉल-बीडिंगएवढी होती, मजुरी त्याहून कितीतरी जास्त, आणि बाबांनी ती मोजून दिली, घासाघीस न करता.

या सगळ्यात एक गोष्ट मला खरोखर खुपते. त्याच महिन्यात आमच्या गाडीची पीयूसी झाली होती. पास, व्यवस्थित. पीयूसीमध्ये इंजिन चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन मोजतात. बंद गाडी उन्हात उभी राहून जे सोडते ते कोणी मोजत नाही. नवं मॉडेल बाजारात येण्याआधी मात्र ते मोजतात, हवाबंद खोलीत गाडी ठेवून. मर्यादा एका चाचणीला २ ग्रॅमची. इतकं काटेकोर. मग ती गाडी आपल्याकडे दहा-बारा वर्षं राबते आणि त्या २ ग्रॅमचं काय झालं हे पुन्हा कोणी विचारत नाही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांमध्ये याची तपासणी गाडी स्वतःच करते, सुरुवातीला १ मिलिमीटरच्या छिद्राइतकी गळती पकडायची सक्ती होती, पुढे अर्ध्या मिलिमीटरची आली, आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तिथल्या काही राज्यांत तपासणीच्या वेळी पेट्रोलचं झाकणसुद्धा दाबाखाली तपासत आले आहेत. आमच्या गाडीत तसला दिवा नाही. मग निदान पीयूसीच्या टपरीवर झाकण आणि नळ्या तपासायला काय हरकत आहे? पाच मिनिटांचं काम. पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असतं, त्याने कर्करोग होतो, आणि मागच्या सीटवर बसतात ती मुलं आणि म्हातारी माणसं. बाबांनी आरटीओला लिहायला पत्राचा मसुदा केलाय, गुजरातीत. मी शुद्धलेखन तपासून दिलं.

नवी नळी बसली, वास गेला. आईने दार उघडून "गेला हो!" असं जाहीरही केलं. पण बाबांनी वहीत "दुरुस्त" असं लिहिलं नाही. तोवर आभाळ भरून आलं होतं, पारा खाली उतरला होता, आणि त्यांच्या मते अशा हवेत आलेलं शून्य काही सिद्ध करत नाही. ज्या परिस्थितीत तीन येत होता त्याच परिस्थितीत शून्य आला पाहिजे: टाकी फुल, दिवसभराचं कडक ऊन, रात्रभर बंद काचा. ती ऑक्टोबरमध्ये मिळाली. तिघांच्या चिठ्ठ्या आल्या, तिन्ही शून्य. मग लिहिलं.

आता सोसायटीत बातमी पसरलीय. खालच्या मजल्यावरच्या काकूंची स्कूटर जिन्याखाली लावतात, तिथे सकाळी वास येतो म्हणे. बाबांनी वहीत नवीन पान उघडलंय, रकाने तेच. "कोणाचं नाक" याच्याखाली माझ्या मुलाचं नाव आहे. सकाळी साडेसहाला दोघं खाली जातात. आजोबा घड्याळ बघतात, नातू फाटकापाशी मोकळ्या हवेत दोन मिनिटं उभा राहतो, मग जिन्याखाली जाऊन दोन श्वास घेऊन बाहेर येतो आणि चिठ्ठी देतो. काल दीड लिहिलं होतं. बाबांनी ते मान्य केलं नाही. एक तरी लिही नाहीतर दोन, म्हणाले, आणि त्याला परत फाटकापाशी पाठवलं.